‘महारीण’ ते ‘उपासिका’ : आपल्या बोलण्यातली स्त्री



धम्मदीक्षा घेतलेल्या घरात काही बदल लगेच डोळ्यांना दिसतात. देव्हारा निघतो, भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा भिंतीवर येते, पोथीच्या जागी त्रिसरण-पंचशील येते. जीभ मात्र सगळ्यांच्या मागून येते. घरातल्या बाईला हाक कशी मारायची, लेकीला रागावताना काय म्हणायचे, सुनेची ओळख पाहुण्याला कशी करून द्यायची, हे शब्द जुन्या घरातून नव्या घरात जसेच्या तसे येतात. त्यांना कोणी दीक्षा दिलेली नसते. आजचा पाठ या शब्दांविषयी आहे.

कोणी म्हणेल, शब्दांत काय आहे? पोटाचे प्रश्न मोठे. आपण मराठवाड्यातल्या माणसांनी तरी हे म्हणू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला. त्यानंतर आपली घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका नावासाठी सोळा वर्षे गेली. नाव म्हणजे नुसता आवाज असता तर ते नाकारण्यासाठी कोणी वस्ती पेटवली नसती. नावाने माणसाची जागा ठरते, म्हणून नावासाठी भांडण होते. विद्यापीठाला जो न्याय, तोच घरातल्या लेकीलाही लागू आहे.

१. नाव कोणी ठेवले?

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसे ठेवावे याचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाशी जोडलेले आणि शूद्राचे तिरस्कार दाखवणारे असावे, असे तिथे सांगितले आहे. पुढे स्त्रियांचा नियम वेगळा आहे. त्यांचे नाव उच्चारायला सोपे, ऐकायला गोड, क्रूर अर्थ नसलेले आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे. म्हणजे पुरुषाच्या नावात वर्ण सांगायचा आणि बाईच्या नावात गोडवा सांगायचा. शूद्र आणि अतिशूद्रांच्या बाईने काय करायचे? तिच्या वाट्याला दोन्ही नियम आले. ती बाई म्हणून हलकी आणि जात म्हणून हलकी.

आपल्या आज्यांची नावे आठवा. धोंडी, दगडी, कचरी. काही नावे लेकरू जगावे म्हणून नवसाने ठेवलेली होती, हे खरे. पण लेकरू जगवायला त्याला कचरा म्हणावे लागावे, यातच त्या समाजाची स्थिती दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या वस्त्यांत सुजाता, गौतमी, यशोधरा, विशाखा, संघमित्रा, करुणा, प्रज्ञा अशी नावे आली. शाळेच्या हजेरीपटावर ही नावे ओळीने वाचली जातात, तेव्हा ती वाचणाऱ्याच्या तोंडून आपोआप मानाने निघतात. प्रज्ञेला हाक मारायची म्हणजे ‘प्रज्ञा’ म्हणावेच लागते. दिवसातून दहा वेळा जिला त्या शब्दाने हाक मारली जाते, ती मुलगी स्वतःकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते.

हा प्रश्न एकट्या आपल्या समाजाचा नाही. सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकुसा’, ‘नकोशी’ अशी नावे ठेवली जात. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेने अडीचशेहून अधिक मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावे दिली. वर्गात रोज ‘नकोशी हजर’ म्हणणाऱ्या मुलीला आपण नकोशा आहोत हे आणखी कोणी शिकवावे लागत नाही. स्वतःच्या तोंडाने ती रोज तो धडा म्हणत असते.

२. ‘ईण’ या प्रत्ययाची गोष्ट

मराठी व्याकरणात पुल्लिंगी शब्दाला ‘ईण’ लागून स्त्रीलिंगी शब्द होतो. पाटील-पाटलीण, मास्तर-मास्तरीण, वाघ-वाघीण. पाटलीण म्हणजे बहुधा पाटलाची बायको. तिला मान मिळतो, पण तो नवऱ्याच्या खुर्चीचा. मास्तरीण म्हटले की शिकवणारी बाईही होते आणि मास्तरची बायकोही होते. ऐकणाऱ्याला विचारावे लागते.

‘महारीण’, ‘मांगीण’, ‘चांभारीण’ या शब्दांत नवऱ्याचा मानही नाही. तिथे बाईची ओळख फक्त जात. गावातल्या वाड्यावर काम सांगताना तिचे नाव विचारायची गरज कोणाला पडत नसे. ‘ए म्हारणी’ एवढ्यात हाक पुरी होई. वाड्यातल्या बाईला ‘वहिनीसाहेब’, ‘काकू’, आणि पन्नाशीच्या आपल्या आजीला वाड्यातले दहा वर्षांचे पोरही ‘अगं’ म्हणे. शब्द दोन अक्षरांचा, पण त्यात कोण उभे राहील आणि कोण बसेल हे ठरलेले होते.

आता ‘बौद्ध’ हा शब्द पाहा. बौद्ध पुरुष, बौद्ध स्त्री, बौद्ध मुलगी. ‘बौद्धीण’ असा शब्द कोणी तयार केला नाही आणि कोणाला त्याची गरजही वाटली नाही. उपासक आणि उपासिका या जोडीत स्त्रीलिंगी प्रत्यय आहे, पण अर्थ फार वेगळा आहे. उपासिका म्हणजे उपासकाची बायको नव्हे. जिने स्वतः त्रिसरण घेतले, स्वतःच्या तोंडाने पंचशील म्हटले, ती उपासिका. नवरा उपासक नसला तरी ती उपासिका असते. या शब्दात बाईला तिच्या स्वतःच्या कृतीवरून नाव मिळाले आहे.

३. बाईची सही

संतांच्या अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. ती त्यांची सहीच समजा. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई सही करताना आपल्याला नामदेवाची दासी म्हणवते. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई आपली सही चोख्याची महारी अशी करते. तिचे अभंग धीट आहेत. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग विटाळ नसलेला कोण, असा प्रश्न तिने विचारला आहे. इतका मोठा प्रश्न विचारणाऱ्या बाईलाही सही करताना नवऱ्याचे नाव आणि जातीचे नाव, या दोन कुबड्या घ्याव्या लागल्या. यात तिला दोष नाही. त्या काळी भाषेने तिला तेवढीच जागा दिली होती.

१८५५ साली मात्र वेगळे घडले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तेव्हा ती सुमारे चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले. त्यात आपल्या बायका बाळंत होताना डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हेही लिहिले. बाळंतपणाचे दुःख धर्माच्या चर्चेत आणण्याचे काम एका मुलीने केले, कारण ते दुःख तिच्या घरातल्या बायकांच्या बोलण्यात होते. तोवर धर्मावर लिहिणाऱ्या पुरुषांच्या भाषेत त्याला शब्दच नव्हता.

पुढे बाबासाहेबांच्या चळवळीतून शिकलेल्या बायका लिहू लागल्या. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आले. ज्या संस्कृत भाषेपासून शूद्र आणि स्त्री दोघांनाही दूर ठेवले, ती भाषा शिकून त्या संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही पुस्तके १९८६ साली आली. शांताबाई शिक्षिका होत्या. ‘माझ्या जन्माची’ कसे लिहायचे हे त्यांना चांगले ठाऊक होते. तरी पुस्तकाच्या नावात त्यांनी ‘माज्या जल्माची’ ठेवले. जे जगणे ज्या बोलीत जगले, ते त्याच बोलीत सांगितले. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या आठवणी ऐकून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केले. शीर्षकातला ‘ही’ नीट वाचा. तो एका अक्षराचा आहे, पण त्यात सगळी तक्रार आहे.

४. ‘शुद्ध’ बोल म्हणजे काय?

जुन्या संस्कृत नाटकांत राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलतात. राणी, दासी आणि खालच्या मानलेल्या जातींची पात्रे साधारणपणे प्राकृत बोलतात. एकाच घरात राजा एक भाषा बोलतो आणि त्याची राणी दुसरी. स्त्री आणि शूद्र यांना भाषेनेच एका पायरीवर बसवले होते.

तथागतांनी हे मानले नाही. विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वेदांच्या भाषेच्या वळणाने बांधू द्यावे अशी परवानगी मागितली. नाना जातींचे भिक्खू आपापल्या बोलीत बोलून वचन बिघडवतात, अशी त्यांची तक्रार होती. तथागतांनी परवानगी दिली नाही. लोकांनी धम्म आपल्या बोलीतच शिकावा असे सांगितले. आपल्या मराठवाड्याच्या इतिहासातही असे एक उदाहरण आहे. महानुभाव पंथातल्या नागदेवाचार्यांनी शिष्यांना संस्कृतात ग्रंथ करण्यापासून अडवले, कारण तसे झाले तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील.

शाळेत आपण ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द सहज वापरतो. हे शब्द कुठून आले याचा विचार करा. ज्या शब्दांनी माणसाला विटाळ लावला, त्याच शब्दांनी त्याच्या बोलीलाही विटाळ लावला. ‘म्या जाती’, ‘व्हय’, ‘न्हाई’ म्हणणारी मुलगी वर्गात हसण्यावारी गेली की दुसऱ्या दिवशी ती उत्तर येत असूनही हात वर करत नाही. मुलगा चार शिव्या देऊन हसणाऱ्यांना गप्प करतो. मुलगी स्वतः गप्प होते. पुढे ग्रामसभेत, दवाखान्यात, बँकेत ती गप्पच राहते, आणि घरचे म्हणतात, आमची पोर लाजाळू आहे.

यावर उपाय काय? मज्झिम निकायातल्या अरणविभंग सुत्तात एक सुंदर दाखला आहे. एकाच भांड्याला वेगवेगळ्या मुलखात वेगवेगळे शब्द आहेत. कोणी आपल्याच मुलखाच्या शब्दाचा हट्ट धरून दुसऱ्याचा शब्द खोटा म्हणू नये, आणि रूढ व्यवहाराची भाषा सोडूनही देऊ नये, अशी तिथली शिकवण आहे. आपल्या मुलींनी पुस्तकाची प्रमाण मराठी पक्की शिकावी, कारण अर्ज, परीक्षा आणि कायदा त्या भाषेत आहे. पण आईच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणू नये. त्या बोलीत मोठे ज्ञान आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या हजारो ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धांवर ओव्या गायल्या, त्याही त्यात नोंदल्या गेल्या. सभेच्या व्यासपीठावर न पोहोचलेल्या बायांनी जात्यावर बसून आपला धम्म आपल्या बोलीत सांगितला.

५. झाकणारे शब्द, मारणारे शब्द

काही शब्द खरी गोष्ट झाकतात. ‘मुलगी देवाला सोडली’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला भक्ती दिसते. प्रत्यक्षात मुरळी, जोगतीण म्हणून सोडलेल्या मुली कोणत्या जातींच्या होत्या आणि त्यांच्या देहाचे काय झाले, हे त्या वाक्यात कुठेच नाही. १९३६ साली मुंबईत बाबासाहेबांनी वाघ्या-मुरळी, जोगतिणी आणि देवदासी यांच्यापुढे भाषण केले आणि ते जिणे सोडून द्या असे त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी गोड शब्द बाजूला ठेवून खरी गोष्ट पुढे मांडली.

काही शब्दांत मजुरी लपलेली असते. शेतावर आणि सीड प्लॉटवर ‘दहा बाया लावल्या’, ‘चार गडी लावले’ असे म्हणतात. बाईची हजेरी वेगळी आणि गड्याची वेगळी, हे त्या दोन शब्दांतच ठरून जाते. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला. पण एकीला ‘मजूर’ न म्हणता ‘बाई’ म्हटले की तिचा कमी दर कोणाला खटकत नाही.

आणि मारणारे शब्द तर आपल्याला पाठ आहेत. नवरा मेलेल्या बाईला जो शब्द मराठीत पूर्वी सर्रास लावत, तोच आज शिवी आहे. बायको मेलेल्या पुरुषाला ‘विधुर’ म्हणतात, त्याची शिवी होत नाही. मूल न झालेल्या बाईला ‘वांझोटी’ म्हणतात, पुरुषासाठी असा रोजच्या वापरातला शब्द नाही. दोन पुरुष भांडतात आणि शिव्या एकमेकांच्या आई-बहिणींना देतात. भित्र्या पुरुषाला ‘बायल्या’ म्हणतात, ‘बांगड्या भर’ म्हणतात. हुशार मुलीचे कौतुक करतानाही ‘ही आमचा मुलगाच आहे’ असे म्हणतात. म्हणजे अपमान करायचा तर बाई करायचे, आणि मान द्यायचा तर पुरुष करायचे!

जे धड स्त्री नाहीत, धड पुरुष नाहीत असे लोक म्हणतात, त्या तृतीयपंथी माणसांना तर भाषेत उभे राहायलाही जागा नाही. मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ यांपैकी एक म्हणावेच लागते. कोणते म्हणायचे हे त्या माणसाने ठरवावे की हसणाऱ्यांनी? सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात हा अधिकार त्या माणसाचा आहे असे सांगितले. कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्यासारख्या तृतीयपंथी व्यक्ती आज मराठीत लिहितात, सभेत बोलतात. नावाने हिणवले जाणे काय असते हे ज्यांना माहीत आहे, त्या आपल्या वस्तीतून तरी त्यांच्यावर शिवी फेकली जाऊ नये.

६. सम्यक् वाचा

अष्टांगिक मार्गातल्या सम्यक् वाचेची चार अंगे आहेत. खोटे न बोलणे, चहाडी न करणे, कठोर न बोलणे आणि वायफळ न बोलणे. आपण पहिल्या अंगावर थांबतो. ‘मी खोटे बोलत नाही’ म्हणजे शील पाळले, असे समजतो. पण पंचशील म्हणून घरी आलेला उपासक ताटात मीठ कमी पडले म्हणून बायकोच्या माहेराचा उद्धार करत असेल, तर त्याची वाचा सम्यक् नाही. सिगालोवाद सुत्तात नवऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पहिले आहे पत्नीला मान देणे आणि दुसरे आहे तिचा अपमान न करणे. घर आणि दागिने त्यानंतर येतात. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना हेच सांगितले. नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने वागा, दासी म्हणून नको.

त्रिपिटकातल्या दोन स्त्रिया घरातल्या मुलींना जरूर सांगा. पहिली सोमा थेरी. मार तिला म्हणतो की ऋषींना मिळणारे स्थान दोन बोटांची अक्कल असलेल्या बाईला मिळत नाही. दोन बोटांची अक्कल म्हणजे भात शिजला का हे बोटाने चेपून पाहण्याएवढीच बुद्धी. सोमा चिडत नाही, रडत नाही. चित्त स्थिर असेल आणि ज्ञान होत असेल तर बाईपण आड कसे येईल, असे ती त्याला विचारते. ‘मी स्त्री आहे’, ‘मी पुरुष आहे’ यातच जो अडकला आहे त्याला तू हे सांग, असेही बजावते.

दुसरी खुज्जुत्तरा. कौशांबीच्या राणी सामावतीची ती दासी. नाव उत्तरा, आणि पाठीला कुबड म्हणून लोकांनी मागे ‘खुज्जा’ लावले. म्हणजे आपल्या आज्यांसारखेच हिणवणारे नाव. ती तथागतांचा उपदेश ऐकून येई आणि राणीला व तिच्या सोबतच्या स्त्रियांना जसाच्या तसा सांगे. कथेप्रमाणे त्या स्त्रियांनी तिला उंच आसनावर बसवले आणि आपण खाली बसून ऐकले. बहुश्रुत उपासिकांमध्ये ती श्रेष्ठ, असे तथागतांनी म्हटले. ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आला अशी परंपरा आहे. दासीच्या तोंडून आलेली भाषा बुद्धवचन म्हणून जगभर वाचली जाते.

७. घरी काय करावे

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी बायांना लुगडे नेसण्याची पद्धत आणि अस्पृश्यतेची खूण सांगणारे कथलाचे दागिने बदलायला सांगितले. बायांनी ते लगेच केले. खूण ओळखली की टाकून देता येते. शब्दांचेही तसेच आहे.

मुलीचे नाव तिला मान देणारे ठेवा, आणि ते पुरे उच्चारा. ‘प्रज्ञा’चे ‘पग्गे’ करू नका. लग्नात नवरीचे पहिले नाव बदलण्याची चाल आपल्या काही घरांत अजून आहे. ती बंद करा. तिचा शाळेचा दाखला, जातीचा दाखला, मार्कलिस्ट त्या नावावर आहे. नाव बदलले की पुढे प्रत्येक कचेरीत ती मीच आहे हे तिला सिद्ध करावे लागते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम असावा. जन्माची नोंद करताना आईचे नाव नीट, पुरे लिहून द्या. आज्यांची खरी नावे वहीत लिहून ठेवा. कित्येक घरांत नातवाला आजोबांचे नाव माहीत असते आणि आजीचे नसते.

बुद्धविहारातल्या सभेत बायांना फक्त स्वागतगीताला उभे करू नका. त्यांनी बोलावे, आणि आपल्या बोलीत बोलावे. पहिल्या दिवशी त्या दोनच वाक्ये बोलतील. तेवढी पुरेत.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात आई-बहिणीवरून असलेल्या कोणत्या शिव्या रोज बोलल्या जातात? त्या कोण बोलतो?

२. तुमच्या दोन्ही आज्यांची माहेरची नावे काय होती? सासरी आल्यावर ती बदलली का?

३. उपासिका आणि पाटलीण या शब्दांतला फरक मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा.

४. सम्यक् वाचेच्या चार अंगांपैकी आपल्या घरात कोणते सगळ्यात जास्त मोडते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आधी घरातल्या स्त्रियांनी द्यावे आणि पुरुषांनी मध्ये न बोलता ऐकावे.

जयभीम!